बाळासोबत पहिला प्रवास : निघण्यापूर्वी

तिकीट आणि कागदपत्रे
- रेल्वे : ५ वर्षांखाली मोफत, स्वतंत्र बर्थ घेतल्यास पूर्ण भाडे.
- एसटी : ५ ते १२ वर्षे अर्धे तिकीट, त्याखाली मोफत.
- विमान (देशांतर्गत) : २ वर्षांखालील बाळ मांडीवर, वेगळे शुल्क. वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखला.
- परदेश : तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट, मुदत ५ वर्षे.

आहार आणि आरोग्य
- ६ महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध. उन्हाळ्यातही वरचे पाणी नाही.
- लसी : जन्मतः, मग ६, १०, १४ आठवडे, गोवर-रुबेला ९ महिने पूर्ण झाल्यावर. लसीकरण कार्ड सोबत.
- विमान चढता-उतरताना दूध पाजावे. गिळल्याने कानांतला दाब समतोल होतो.
- ऊन : ६ महिन्यांखाली सनस्क्रीनऐवजी सावली, टोपी, सुती कपडे.
- डास : २ महिन्यांखाली मलमाऐवजी मच्छरदाणी.