रक्तपिपासू पिशाच आणि काळी शाई

ऑक्टोबर महिना उजाडला की आमच्या वर्गातील काही जणांची बोटे शाईने काळी झालेली दिसू लागतात. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने २००९ साली 'इंकटोबर' नावाचा उपक्रम सुरू केला. महिन्याच्या एकतीस दिवसांत शाईने एकतीस रेखाटने करावयाची, रोज एक, एवढाच त्याचा मूळ नियम. महिन्याचा शेवटचा दिवस हॅलोवीनचा, त्यामुळे पुष्कळांच्या वह्या आपोआपच भुताखेतांनी भरून जातात. मी त्यात माझ्यापुरती एक भर घातली आहे. रोज रात्री रक्तपिपासू पिशाचाचा, म्हणजे व्हॅम्पायरचा, एखादा चित्रपट थोडासा पाहावयाचा, एका चौकटीवर थांबवायचा आणि दहा मिनिटांत ती चौकट कागदावर उतरवायची.

'हे पोरकट चाळे कशाला? त्यापेक्षा स्थिरचित्रे काढा,' असे ऐकावे लागते. स्थिरचित्रांशी माझे काही वैर नाही. पण छाया-प्रकाशाचा जो धडा टेबलावरच्या मडक्याने मला दिला नाही तो या पिशाचांनी दिला. तो काय, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

वास्तविक हॅलोवीन आणि व्हॅम्पायर यांचे नाते जुने नाही. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा दिवस. त्याच्या आदल्या रात्रीला हॅलोवीन म्हणतात. आयर्लंड-स्कॉटलंडमधील सावीन या जुन्या हंगामी सणाच्या आठवणी तिच्यात मिसळल्या. तिकडे सलगम कोरून दिवे करीत. ती माणसे अमेरिकेत गेली आणि सलगमचा भोपळा झाला. व्हॅम्पायर मात्र पूर्व युरोपचा. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) या कादंबरीची सुरुवातही ऑक्टोबरात नव्हे, मे महिन्यात होते. या दोघांची गाठ प्रामुख्याने सिनेमाने घालून दिली. आपल्या वेताळालाही या गोतावळ्यात ओढण्यात आले आहे. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळकथा इंग्रजीत आणल्या तेव्हा पुस्तकाच्या नावातच त्याला 'व्हॅम्पायर' करून टाकले. बिचारा वेताळ! प्रेतात शिरून राजाला कोडी घालणारा आणि राजा बोलला की पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळणारा. त्या कोड्यांत त्याने कुणाचे रक्त प्यायले?

चित्रकाराला रस वाटावा असा खरा मुद्दा व्हॅम्पायरच्या आकाराचा आहे. १७३२ साली ऑस्ट्रियाच्या लष्करी वैद्यांनी सर्बियातील एका खेड्यात उकरलेल्या प्रेतांचा लेखी अहवाल दिला. त्या काळच्या अशा वर्णनांतले पिशाच फिकट आणि सडपातळ नाही. ते फुगलेले, लालसर, तोंडाशी रक्त आलेले असे आहे. आज आपल्याला ठाऊक आहे की कुजताना शरीरात वायू साठतो, पोट फुगते आणि त्या दाबाने रक्तमिश्रित द्रव तोंडातून बाहेर येतो. गावकऱ्यांनी पाहिले ते खरेच होते. लावलेला अर्थ चुकला. या फुगलेल्या शेतकऱ्याचा फिकट उमराव केला तो लेखकांनी. जॉन पॉलिडोरीची १८१९ मधील कथा त्यात महत्त्वाची. आणि त्या उमरावाची नुसती सावली केली ती सिनेमाने.

इथे 'नोस्फेरातू' या १९२२ च्या जर्मन मूकपटापाशी थोडे थांबले पाहिजे. दिग्दर्शक मुर्नाऊ, नेपथ्य आणि वेशभूषा अल्बिन ग्राऊ या चित्रकाराची, आणि काउंट ऑर्लोकच्या भूमिकेत माक्स श्रेक. स्टोकरच्या कादंबरीवरून तो विनापरवाना बेतलेला होता. लेखकाच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ साली न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही प्रती बचावल्या म्हणून आज माझ्या वहीत ऑर्लोक आहे. कादंबरीतील ड्रॅक्युलाला सावलीच पडत नाही. मुर्नाऊने नेमके उलट केले. जिन्याच्या भिंतीवरून ऑर्लोक वर चढतो तो प्रसंग पाहा: माणूस चौकटीत नाही. आहे ती कुबड काढलेली सावली, आणि दारापाशी पोचता पोचता लांबत जाणारी तिची बोटे. पुढे त्याच हाताची सावली नायिकेच्या छातीवर सरकते, मूठ आवळते आणि ती कळवळते. स्पर्श कुणीच केलेला नाही!

हे कसे साधते ते घरी करून पाहता येते. खोलीत एकच दिवा ठेवा आणि हात दिव्याजवळ न्या: सावली प्रचंड होते, पण कडा विरतात. हात भिंतीजवळ न्या: सावली लहान होते आणि कडा धारदार होतात. म्हणजे आकार आणि धार या दोन्ही गोष्टी एका अंतरावर अवलंबून आहेत. रेखाटनात मोठी सावली कडेला कोरड्या कुंचल्याने विरवावी आणि लहान सावलीची कड टाकाने एका रेषेत ओढावी. भीती त्या फरकात असते. सुळे काढण्याची घाई केली की चित्र थट्टेचे होते. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'त बेला लुगोसीचे सुळे एकदाही दिसत नाहीत. छायालेखक कार्ल फ्रॉइंडने त्याच्या डोळ्यांवर प्रकाशाचे दोन बारीक झोत टाकले, तेवढे पुरले. १९५८ मध्ये ख्रिस्टोफर ली रंगीत चित्रपटात लाल डोळे आणि सुळे घेऊन आला. तोही मला आवडतो, पण काळ्या शाईला त्याचा उपयोग नाही.

'नोस्फेरातू'तली आणखी एक चौकट प्रत्येकाने काढून पाहावी. काउंटची घोडागाडी जंगलातून जाते तेव्हा चित्र एकाएकी निगेटिव्ह होते: झाडे पांढरी, आकाश काळे. हे काढताना हात अडतो, कारण सवयीने आपण झाड काढू लागतो. इथे झाड काढायचेच नाही. झाडांच्या मधले आकाश भरत जायचे, झाडे कागदावर आपोआप उरतात. डेन्मार्कच्या ड्रायरने 'व्हॅम्पायर' (१९३२) या चित्रपटात वेगळा मार्ग धरला. कॅमेऱ्यापुढे जाळीदार कापड धरून त्याने सगळे राखाडी, धुकट केले. ते शाईने करायचे तर पाणी सढळ हाताने घालावे लागते, आणि मग साधा कार्ट्रिज कागद फुगतो.

दिवसातून एकच चित्र आणि दहाच मिनिटे, यालाही अर्थ आहे. शाई खोडता येत नाही आणि वेळही नसतो, म्हणून काळे कुठे भरायचे हे टाक दौतीत बुडविण्यापूर्वीच ठरवावे लागते. मी पेन्सिलीने फक्त काळ्या भागाची सीमा आखते. डोळे, नाक, कपड्यांच्या चुण्या हे सारे नंतर; बहुतेक वेळा त्यांची गरजच पडत नाही.

एकतिसाव्या दिवसासाठी मी शेवटचा प्रसंग राखून ठेवते. कादंबरीतील ड्रॅक्युला भरदिवसा लंडनमध्ये फिरतो. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना 'नोस्फेरातू'ने रूढ केली. कोंबडा आरवतो, खिडकीतून ऊन आत येते आणि ऑर्लोक विरून जातो. त्याला काढून वर पांढरा पोस्टर रंग फासणे सोपे आहे, पण तो रंग मेलेला दिसतो. म्हणून मी खिडकीची चौकट, पलंग आणि पडदा एवढेच काळे भरते, आणि तो जिथे उभा होता तेवढा कागद कोरा सोडते.