बागेंतील सरळ रेघ

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) येथील बीबी का मकबरा औरंगजेब बादशहानें इ. स. १६६० च्या सुमारास पत्नीच्या स्मरणार्थ बांधविला. मधोमध कबर व तिच्याकडे येणाऱ्या सरळ वाटांवर हौद, यांमुळें तेथील बागेचे चार चौकोन पडतात. ही मांडणी केवळ शोभेची, हा समज आम्हांस अपुरा वाटतो.

या पद्धतीचें मूळ इराणांत आहे. तेथें पाऊस थोडा. पाणी दुरून आणावें लागे. पाट सरळ असला म्हणजे लांबी कमी व झिरपाही कमी. सायरस राजाच्या पासार्गादे येथील, इ. स. पूर्वीं सहाव्या शतकांतील बागेंत घडीव दगडांचे सरळ पाट सांपडले आहेत.

रोमन शेतकरी झाडें फाशावरील पांच ठिपक्यांप्रमाणें लावीत. त्यायोगें प्रत्येकास सारखी जमीन मिळे. इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गडप झालेल्या पाँपी शहरांत ओवऱ्यांनीं वेढलेल्या चौकोनी बागा आढळल्या. त्या खांबांच्या ओवऱ्या रोमनांनीं ग्रीकांपासून घेतल्या होत्या.

वरठीकडे बांधीला पाणी देणारा शेतकरी जाणतो कीं, आधीं उतार, मग रेघ. नवी बाग लावणाऱ्यानें दोरी धरण्यापूर्वीं उतार पाहावा. रेघ उताराविरुद्ध गेली, तर शोभा राहील, पण पाणी पोंचणार नाहीं.