पुराचे पाणी दुकानात शिरण्याआधी

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री चाळीसगाव तालुक्यात आणि लगतच्या डोंगररांगेत अतिवृष्टी झाली. ३१ तारखेला उजाडले तेव्हा तितूर आणि डोंगरी या नद्यांचे पाणी चाळीसगावच्या बाजारपेठेत शिरलेले होते. कन्नड घाटात दरडी कोसळल्याने मालाच्या गाड्या अडकून पडल्या. तालुक्यात शेकडो जनावरे दगावली. पोळा आठवड्यावर आला होता. सणाचा माल भरून ठेवण्याचे हेच दिवस असतात.

खानदेश म्हटला की आपल्याला दुष्काळ, टँकर आणि कोरडी नदीपात्रे आठवतात. पूर ही कोकणातली किंवा सुरतेची गोष्ट, अशी आपली समजूत असते. पण १८७२ साली पांझरेच्या पुराने धुळे शहरातील घरादारांचे मोठे नुकसान केले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये अक्कलपाडा प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यामुळे पांझरेला मोठा पूर आला आणि धुळ्यातील लहान पूल पाण्याखाली गेले. पूर रोज येत नाही, म्हणूनच त्याची तयारी होत नाही, आणि तयारी नसलेल्या दुकानदाराची अनेक वर्षांची कमाई एका रात्रीत चिखलात जाते.

सूचना मिळाल्यापासून पाणी दारात येईपर्यंत जे थोडे तास मिळतात, त्यात दुकान वाचते किंवा बुडते. त्या वेळी विचार करायला सवड नसते. विचार आधीच करून ठेवावा लागतो.

पूर दोन प्रकारचा

पहिला पूर धरणाचा. तापीवरील हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. या धरणात मध्य प्रदेशातून तापीचे आणि विदर्भातून पूर्णेचे पाणी येते. त्यामुळे जळगावात ऊन पडलेले असतानाही तापीला पूर येऊ शकतो. गिरणा धरण भरले की भडगावपासून जळगावपर्यंतच्या काठच्या गावांना सावध राहावे लागते. धुळ्यासाठी अक्कलपाडा महत्त्वाचे. या पुराची सूचना बहुधा आधी मिळते. किती क्युसेक पाणी सोडले, हे प्रशासन जाहीर करते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. नदीकाठच्या दुकानदाराने एक साधी नोंद ठेवावी. किती क्युसेक सोडले तेव्हा पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी आले, आणि किती सोडले तेव्हा पायरीला लागले, हे वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वेळी आकडा ऐकताच काय करायचे ते कळेल.

दुसरा पूर ढगफुटीसारख्या पावसाचा. चाळीसगावात आला तो असा. डोंगरात रात्री पाऊस कोसळतो आणि लहान नदी, नाला काही तासांत फुगतो. येथे दरवाजा उघडण्याची आगाऊ सूचना नसते. हवामान खात्याचा नारंगी किंवा लाल इशारा हीच सूचना समजावी. असा इशारा असेल त्या रात्री तळातला माल वर चढवूनच दुकान बंद करावे. पाणी आले नाही तर दोन तासांची मेहनत वाया गेली, एवढेच.

जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे दोन्ही क्रमांक गल्ल्याजवळ ठळक लिहून लावावेत.

आधी माणूस

अनेक दुकानांत आणि गोदामांत रात्री नोकर किंवा राखणदार झोपतो. काही ठिकाणी बाहेरून शटरला कुलूप लावले जाते. पाण्याचा दाब आला की शटर आतून उचलता येत नाही, आणि वीज गेल्यावर अंधारात वाट सापडत नाही. पावसाळ्यात कोणालाही कुलूपबंद दुकानात किंवा तळघरात झोपू देऊ नये. राखण हवीच असेल तर वरच्या मजल्यावर, बाहेर पडायला मोकळी वाट असेल अशा जागी सोय करावी. माल वाचवण्यासाठी नोकराला वाहत्या पाण्यात पाठवणे हा तर सरळ अन्याय आहे. पाणी गुडघ्याला लागले की माल सोडून सर्वांनी बाहेर पडायचे, हा नियम मालकाने आधीच सांगून ठेवावा आणि स्वतःही पाळावा.

काय आधी हलवायचे?

घाईत माणूस सर्वांत महाग वस्तू आधी उचलतो. हा हिशेब नेहमीच बरोबर ठरत नाही. पाण्याने कायमची खराब होणारी आणि उचलायला हलकी असलेली वस्तू आधी हलवावी. स्टीलची भांडी, प्लास्टिकचे पाइप, टायर, फरशी हा माल चिखलात गेला तरी धुऊन विकता येतो. कापडाचे ताके, साखर, धान्य, डाळ, वह्या-पुस्तके, औषधे, मोबाइल आणि विजेची उपकरणे भिजली की संपली. सिमेंट दगड होते. कळीच्या चुन्याला पाणी लागले की तो तापतो आणि आगीचा धोका संभवतो. कीटकनाशके पाण्यात मिसळली तर साऱ्या गल्लीला उपद्रव होतो. त्यामुळे शेतीसेवा केंद्रांनी ती सर्वांत आधी वर न्यावीत.

यंत्रमागधारकांनी मागाची चिंता करण्यापेक्षा मोटारीची करावी. मागाचा लोखंडी सांगाडा पुसून, तेल देऊन चालू करता येतो. मोटार भिजली तर ती सुकवणे किंवा पुन्हा बांधून घेणे आले. बोल्ट सैल करून मोटारी उचलता येतील, अशी हत्यारे हाताशी ठेवावीत. शिवाय सूत आणि तयार कापड पावसाळ्यात जमिनीला टेकून ठेवू नये.

ही यादी कागदावर करावी. पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम लावावा. कोणता माल कोणी उचलायचा आणि कुठे न्यायचा, हे नोकरांसमक्ष ठरवावे. वरच्या मजल्यावर जागा नसेल तर उंचावरील एखाद्या ओळखीच्या व्यापाऱ्याशी आजच बोलून ठेवावे. हातगाडीवाला किंवा टेम्पोवाला कोण, हेही ठरलेले असावे. ऐन वेळी साऱ्या बाजाराला टेम्पो हवा असतो.

दुकानाची मांडणी

मागच्या पुराचे पाणी भिंतीवर जिथपर्यंत आले होते, तिथे रंगाने रेघ मारून ठेवावी. जूनपासून सप्टेंबरअखेर त्या रेघेखाली फक्त धुऊन विकता येण्याजोगा माल ठेवावा. विजेचे मीटर, मेन स्विच आणि संगणक त्या रेघेच्या वर घ्यावेत. मीटर हलवायचे असेल तर वीज कंपनीकडे अर्ज करावा, स्वतः हात लावू नये. शटरने पाणी अडत नाही, आणि ते मोरी व संडासाच्या नळीतूनही उलटे वर येते. म्हणून वाळूच्या चार-सहा गोण्या दारासाठी आणि एक-दोन मोरीसाठी भरून ठेवाव्यात. तळघरात मात्र पावसाळ्यात माल ठेवूच नये. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरतेचा मोठा भाग बुडाला आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्यात गेली. दोन्ही ठिकाणी सर्वांत मोठा फटका खालच्या पातळीवर साठवलेल्या मालाला बसला.

कागदपत्रे आणि विमा

खरेदीची बिले, साठ्याची वही, उधारीची खाती, भाडेकरार, परवाने आणि पॉलिसी एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावीत. ती दुकानात न ठेवता घरी उंचावर ठेवावी. सर्वांचे फोटो मोबाइलमध्ये काढून एका नातेवाइकालाही पाठवावेत. उधारीची वही भिजली तर माल गेलाच, शिवाय येणेही जाते.

विम्याच्या शरई बाजूबद्दल ज्यांना प्रश्न असेल त्यांनी जाणकार आलिमांना विचारावे. मात्र बँकेचे कर्ज असणाऱ्या बहुतेकांची पॉलिसी आधीच असते आणि ती त्यांनी कधी वाचलेली नसते. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पुराचा धोका समाविष्ट आहे का. दुसरी, गोदामाचा पत्ता त्यात लिहिलेला आहे का. न लिहिलेल्या जागेतील मालाची भरपाई मिळत नाही. तिसरी, रक्कम पुरेशी आहे का. समजा दुकानात १२ लाखांचा माल आहे आणि विमा ६ लाखांचा. पुरात ४ लाखांचे नुकसान झाले तर सरासरीच्या नियमाने सुमारे २ लाखच मिळतील. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतच्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आली. तीत १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे, त्याहून अधिक नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. नष्ट झालेल्या मालावर घेतलेले जीएसटीचे इनपुट क्रेडिट परत करावे लागते. विम्याची रक्कम ठरवतानाच याविषयी आपल्या कर सल्लागाराशी बोलावे.

पाणी ओसरल्यावर

पहिले काम झाडू मारण्याचे नाही, फोटो काढण्याचे आहे. भिंतीवरील पाण्याची रेघ, भिजलेला माल, चिखल, सर्वांचे फोटो काढावेत. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे आणि सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल वेगळा रचून ठेवावा. पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहून प्रत मागून घ्यावी. जुलै २०२१ च्या पुरानंतर राज्य शासनाने दुकानदारांना कमाल ५० हजार आणि टपरीधारकांना कमाल १० हजार रुपयांची मदत जाहीर केली होती. अशी मदत पंचनाम्यावरच अवलंबून असते. वीजतंत्र्याने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये.

भिजलेले धान्य, खाद्यपदार्थ आणि औषधे सुकवून चांगल्या मालात मिसळण्याचा मोह होतो. पावसाने भिजलेले धान्य ढिगात खाली दडवणाऱ्या विक्रेत्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी, लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे विचारले होते. पुराच्या पाण्यात गटाराची घाणही असते. त्यात बुडालेले खाद्यपदार्थ आणि औषधे कोणत्याही भावाने विकू नयेत. ती नोंद करून नष्टच करावीत. डाग पडलेले कापड मात्र ‘भिजलेले’ असे सांगून कमी भावात विकायला हरकत नाही. पुरानंतर ग्राहकाचा विश्वास हेच व्यापाऱ्याचे उरलेले भांडवल असते.

हे सर्व एका दुकानापुरते ठेवू नये. प्रत्येक गल्लीतील व्यापाऱ्यांनी मे महिन्यात एकदा एकत्र बसावे. रात्री कोण कोणाला फोन करणार, कोणाच्या माळ्यावर किती जागा आहे, वाळूच्या गोण्या कुठे ठेवायच्या, हे ठरवावे. तासाभराचे काम आहे. पाणी एका दुकानापाशी थांबत नाही, ते ओळीने सर्वांच्या दारात येते. तयारीही ओळीनेच व्हायला हवी.