सारखे वाटे न होणारी रक्कम

वर्षाअखेरीस व्याजाचं वाटप करताना चार-आठ रुपये उरले की कुजबुज सुरू होते, ‘हिशेबात काहीतरी गोलमाल दिसतोय.’ पण दर वेळी तसं नसतं. काही संख्यांचा स्वभावच वेगळा असतो.

१२ लाडू २, ३, ४ किंवा ६ जणींत सारखे वाटता येतात. १३ लाडू असले तर? एकीलाच सगळे, नाहीतर १३ जणींना एकेक. मधला मार्ग नाही. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात.

आता एक मोठी मूळ संख्या पाहू. समजा, पहिल्या दिवशी १ रुपया डब्यात टाकला, दुसऱ्या दिवशी २, तिसऱ्या दिवशी ४, अशी रोज दुप्पट बचत केली. ३१ दिवसांत जमतील २,१४,७४,८३,६४७ रुपये. दोनशे चौदा कोटींच्या वर! पण एवढी रक्कम अख्ख्या रुपयांत १० जणींत सारखी वाटता येत नाही, १०० जणींत नाही, हजार जणींतही नाही.

हे कशावरून? याच बचतीचे ३ दिवसांचे ७ होतात, ५ दिवसांचे ३१, ७ दिवसांचे १२७. तिन्ही मूळ. म्हणून पुढचंही तसंच, असं धरून चालू नका. ११ दिवसांचे २,०४७ होतात आणि ते २३ जणींना प्रत्येकी ८९ असे बरोबर वाटले जातात. अंदाज फसतो, तपासावंच लागतं.

ते काम लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं केलं. १७७२ साली, रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात. तेव्हा त्यांची दृष्टी जवळपास गेली होती. मग कोट्यवधी संख्यांनी भागून पाहिलं का? नाही. ३६ चे जोड बघा: २ गुणिले १८, ३ गुणिले १२, ४ गुणिले ९. जोडीतली एक संख्या ६ किंवा त्याहून लहानच असते. तसं आपल्या मोठ्या संख्येसाठी ४६,३४० पर्यंत पाहिलं की पुरे. त्यातही २४८ नं भागल्यावर १ किंवा ६३ बाकी उरते, अशाच मूळ संख्येनं तिला भाग जाऊ शकतो, हे त्यांनी दाखवलं. मग तपासायला पावणेचारशेही संख्या उरल्या नाहीत. एकीनंही भाग गेला नाही.

आता आपल्या वहीकडे या. व्याज १,००९ रुपये आलं आणि गटात ११ जणी असल्या, तर प्रत्येकीला ९१ रुपये देऊन ८ उरणारच, कारण १,००९ मूळ संख्या आहे. ते ८ रुपये शिल्लक म्हणून लिहा, बैठकीत वाचून दाखवा, पुढच्या हिशेबात धरा. हिशेब ठेवणारीवर उगाच संशय नको आणि डोळे झाकून विश्वासही नको. ११ गुणिले ९१ करा, त्यात ८ मिळवा. १,००९ आले की मगच सही करा.