मासे जगवते ती पाण्यावरची हालचाल

मुलांच्या हट्टाखातर हल्ली चाळीतल्या लहानशा खोलीतही माशांची काचपेटी येते. घरोघरी फिरताना आम्हाला एक तक्रार हमखास ऐकू येते. रात्री मासे चांगले होते, सकाळी उलटे तरंगत होते! कुणी म्हणते नजर लागली, कुणी दुकानदाराला बोल लावते. पोरे मात्र दिवसभर जेवत नाहीत. अशा वेळी पाण्यातला प्राणवायू आधी तपासावा, असे आम्ही सांगतो.

हवेच्या शंभर भागांत सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. पाण्यात तो फारच थोडा विरघळतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात प्राणवायू घटतो आणि नेमकी तेव्हाच माशांची गरज वाढते. पेटीत पाणवनस्पती असतील तर रात्री त्याही प्राणवायू देण्याऐवजी घेऊ लागतात.

मग पंप काय करतो? बुडबुड्यांतूनच प्राणवायू मिळतो, असा आपला समज असतो. थोडा मिळतोही, पण बुडबुडा क्षणात वर येऊन फुटतो. त्याचे मोठे काम निराळे आहे. वर जाताना तो तळाचे पाणी सोबत नेतो आणि वरचा थर ढवळतो. हवेला लागलेले पाणी प्राणवायू घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि खाली जाते. त्याच्या जागी दुसरे पाणी येते.

हे कळले की काही गोष्टी बिनखर्चाच्या होतात. अरुंद तोंडाच्या बरणीपेक्षा पसरट भांडे बरे. मासे मोजकेच ठेवावेत. उरलेले खाद्य काढावे, कारण ते कुजतानाही प्राणवायू खर्च होतो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा; नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे पंपात शिरते. वीज बराच वेळ आली नाही, तर तांब्याने पेटीतलेच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून हळूहळू परत ओतत राहावे.

मासे वर येऊन सारखे तोंड उघडू लागले तर तो धोक्याचा इशारा समजावा. फायटर आणि गुरामी हे मासे मात्र मुळातच वर येऊन हवा घेतात. त्यांना पाहून घाबरू नये.

मुलांना हे कारण जरूर समजावून सांगा. मासे तर जगतीलच, शिवाय ‘असे का होते?’ हे विचारण्याची सवय घरातच लागेल.