दोन्ही हातांना मुंग्या येतात? हृदयही तपासून घ्या

धार काढायला बसलं की बोटं बधिर होतात, रात्री मुंग्यांनी झोपमोड होते, हात झटकला की जरा बरं वाटतं. ही तक्रार गावोगाव ऐकू येते आणि ‘कामाचा हात आहे, दुखणारच’ म्हणून सोडून दिली जाते. बहुतेकांचं दुखणं खरोखर कामाचंच असतं. काहींच्या बाबतीत मात्र ती हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते.

या दुखण्याला डॉक्टर ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ म्हणतात. मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून जाणारी नस दाबली गेली की अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. करंगळी मात्र सुटते. हाताने धार काढणं, सतत मनगट वळवण्याचं काम, थरथरणारी यंत्रं, तसंच मधुमेह, थायरॉईड, लठ्ठपणा आणि गरोदरपण ही त्याची कारणं.

हृदयाशी संबंध दोन वाटांनी येतो. पहिली वाट सरळ आहे. मधुमेह आणि लठ्ठपणा नसेला त्रास देतात, तसेच रक्तवाहिन्याही खराब करतात.

दुसरी वाट कमी जणांना ठाऊक आहे. यकृतात तयार होणारं ‘ट्रान्सथायरेटिन’ नावाचं प्रथिन उतारवयात काहींच्या शरीरात बिघडतं आणि साचू लागतं. आधी ते मनगटात साचतं, पुढे हृदयाच्या भिंतीत. हृदय ताठर होतं, धाप लागते, पायांवर सूज येते. हाताचा त्रास याच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेला असतो. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मनगटाची शस्त्रक्रिया झालेल्या ९८ जणांच्या ऊती तपासल्या. १० जणांत बिघडलेल्या प्रथिनांचा साठा सापडला, त्यातील बहुतेकांत तो ट्रान्सथायरेटिनचा होता. त्यातील दोघांच्या हृदयापर्यंत तो पोचलेला होता.

म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण पन्नाशी-साठी उलटलेली, त्रास दोन्ही हातांना आणि जोडीला धाप किंवा पायांवर सूज असेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रक्तदाब, साखर, थायरॉईड आणि ईसीजी करून घ्या. डॉक्टरांनी सुचवलं तर हृदयाची सोनोग्राफीही. मनगटाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ऊती तपासणीला पाठवायची का, हे आधीच विचारा. त्रास सुरुवातीचा असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून पुष्कळांना आराम पडतो.

एक गोष्ट मात्र मुंग्यांवर ढकलू नका. छातीत अचानक दाब, दरदरून घाम आणि हातात कळ आली, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

ग्रामपंचायतीने आरोग्य शिबिर लावलं की रक्तदाब तपासायला आलेल्या वयस्कर माणसाला एवढंच विचारायला सांगावं, ‘रात्री हाताला मुंग्या येतात का?’ या प्रश्नाला पैसा लागत नाही.