उकिरड्यातलं खत आणि परसातली माती



खड्डा कसा भरायचा, त्यात ओलं किती आणि वाळलेलं किती, हे आता बहुतेक गटांना पाठ झालं आहे. पण बैठकांना गेलो की आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. खत तर झालं, ते परसात टाकलंही, तरी मेथी पिवळी का पडते? वांग्याची रोपं उभ्या उभ्या माना का टाकतात?

याचं मूळ असं, की खत टाकलं म्हणजे माती तयार झाली असं आपण धरून चालतो. खत हे मातीचं जेवण आहे. ते तिच्या पोटात जाऊन पचलं, तर तिच्या अंगी लागतं. आपल्या माण, खटाव, आटपाडी, सांगोल्याकडच्या परसात तर बहुतेक ठिकाणी वर वीतभर मुरमाड माती आणि खाली मुरूम. तिथे नुसती घमेली रिकामी करून भागत नाही.

आधी खत मुरलंय का ते बघावं. खड्ड्याच्या मधोमध एक लोखंडी सळई खुपसून ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी काढून हात लावा. सळई गरम लागली तर आत अजून कुजणं चालू आहे, झाकून ठेवा. गार लागली तर मूठभर खत हातात घ्या. पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास आला पाहिजे. शेणाचा किंवा आंबूस वास येत असेल, काड्या काड्यांसारख्या दिसत असतील, तर अजून महिना-दीड महिना थांबा.

याहून पक्की परीक्षा अळिवाची. बाळंतिणीच्या लाडवाला आणलेलं अळीव घरात असतंच. एका करवंटीत अर्धं खत, अर्धी माती आणि दुसरीत नुसती माती घ्या. दोन्हीत चमचा चमचा अळीव पेरून पाणी शिंपडा. दोन-तीन दिवसांत ते उगवतं. खताच्या करवंटीत कमी उगवलं, मुळं करपल्यासारखी दिसली, तर ते खत कच्चं आहे. खत कितपत तयार झालंय हे बघायला प्रयोगशाळेतसुद्धा अळीवच वापरतात, बरं का. त्याची मुळं फार हळवी असतात.

कच्च्या खताने पीक पिवळं पडतं त्याचं कारण सोपं आहे. काडीकचरा कुजवणारे बारीक जीव अजून कामावर असतात आणि त्यांनाही नत्र लागतं. काडीत ते कमी, म्हणून ते मातीतलं ओढून घेतात. आपली मेथी उपाशी राहते. शिवाय कच्च्या शेणखताबरोबर तणाचं बी येतं, वाळवी येते आणि हुमणी येते. वळवाचा पाऊस झाला की दिवेलागणीला कडुनिंबावर, बाभळीवर भुंगे जमतात, ते हुमणीचेच. त्यांच्या माद्या जमिनीत, शेणखतात अंडी घालतात. खत काढताना विळ्यासारख्या वाकलेल्या, तांबूस डोक्याच्या पांढरट अळ्या दिसल्या, तर खत अंगणात पातळ पसरून अर्धा तास कोंबड्या सोडाव्यात. एकही अळी शिल्लक राहत नाही. पण अर्ध्या तासाच्या वर खत उन्हात ठेवू नये. एप्रिल-मे महिन्यात शेतात खताचे छोटे छोटे ढीग टाकून महिनाभर तसेच उन्हात पडलेले आपण सगळ्यांनीच पाहिलेत. त्यातलं नत्र वाऱ्यावर उडून जातं आणि खत भुसभुशीत राखेसारखं होतं. वर्षभर शेणात हात घालून जमवलेलं ते असं घालवायचं, हे काही आम्हाला पटत नाही.

आता वाफ्याकडे येऊ. दहा फूट लांब, तीन फूट रुंद वाफा धरा. दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो, आत पाय द्यावा लागत नाही. वाफ्यात एकदा पाय पडला की माती दबते, म्हणून हे माप. माती एकदाच वीतभर खोल उकरून मोकळी करा. पहिल्या वर्षी तिच्यावर चार-पाच घमेली चाळलेलं खत, म्हणजे साधारण दोन बोटं जाडीचा थर, पसरा आणि वरच्या चार बोटं मातीत कालवा. जास्त खोल पुरू नका. कुजवणाऱ्या जीवांना हवा लागते, ती वरच्या थरातच मिळते. चाळणीवर उरलेला भरडा पुन्हा नव्या खड्ड्यात टाका, विरजणासारखा उपयोगी पडतो.

मुरमाड जमिनीत खताबरोबर गाळ घातला तर फरक डोळ्यांनी दिसतो. मुरमात चिकण माती नसते, त्यामुळे खताचा सगळा कस पाण्याबरोबर खाली जातो. गाळातली चिकण माती तो धरून ठेवते. राज्यात 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली, तेव्हा पाझर तलावांतला गाळ ट्रॉल्या भरभरून शेतांवर गेला. परसाला चार पाट्या पुरतात. ज्यांची जमीन आधीच काळी, भारी आहे, त्यांना गाळाची गरज नाही. त्यांच्या मातीला खत पुरे, ते ढेकळं फोडतं. चुलीची राख मात्र दोघींनीही बेतानेच टाकावी. आपल्याकडची माती मुळात खारवट अंगाची, राखेने ती आणखी बिघडते. कोकणातल्या तांबड्या मातीला राख चालते, तिथलं ऐकून इथे करू नका.

कालवून झालं की पाणी शिंपडा, वर पाचट किंवा पालापाचोळा अंथरा आणि दोन-तीन आठवडे वाफा तसाच राहू द्या. बायका इथेच घाई करतात. पण खरी माती याच दिवसांत होते. ओलावा आणि सावली मिळाली की बारीक जीव खत खातात, त्यांच्या चिकट रसाने आणि बुरशीच्या धाग्यांनी मातीचे कण एकमेकांना धरतात आणि रवाळ माती तयार होते. विकतची गांडुळं आणून वाफ्यात सोडू नका. ती शेणात राहणारी जात आहे, उघड्या मातीत टिकत नाही. आपली गावरान गांडुळं ओलावा बघून आपणच वर येतात.

माती झाली का, हेही बघता येतं. वाफ्यातलं बोराएवढं ढेकूळ वाळवून पाण्याच्या पेल्यात अलगद सोडा. लगेच विरघळून चिखल झाला तर अजून कस आला नाही. बराच वेळ तसंच राहिलं तर माती जमू लागली.

आता थोडं न आवडणारं बोलू. शंभर किलो चांगल्या शेणखतात नत्र असतं जेमतेम अर्धा किलो. तेवढं साधारण एका किलो युरियात मिळतं. मग कुणी म्हणतं, एवढा खटाटोप कशाला? कारण युरिया मातीला खाऊ घालत नाही. मातीत सेंद्रिय कर्ब लागतो, तो शेणखतातून येतो. माती परीक्षणाच्या कागदावर तो अर्ध्या टक्क्याच्या खाली दिसला तर कमी समजतात. आपल्या उन्हात कर्ब भराभर जळतो, म्हणून दर हंगामाला एक घमेलं तरी प्रत्येक वाफ्याला द्यावंच लागतं.

आणि हे घमेलं येणार कुठून? शेण भरतो आपण, उकिरड्यावर टाकतो आपण. पण ट्रॉली लागली की सगळं खत डाळिंबाला किंवा द्राक्षाला जातं, परसाला घमेलंभरही राहत नाही. एका ट्रॉलीत दीड-दोनशे घमेली सहज बसतात. दोन वाफ्यांना पहिल्या वर्षी दहा लागतात, पुढे हंगामाला दोन. एवढ्याने डाळिंबाचं काही बिघडत नाही आणि घरातल्या पोरांच्या ताटात वर्षभर भाजी येते. ट्रॉली ठरायच्या आधीच मुरलेलं खत चाळून पोत्यात भरून सावलीला ठेवावं, असं दोन-तीन गटांनी सुरू केलंय. मागत बसण्यापेक्षा हे बरं.

नव्या वाफ्यात पहिल्यांदा चवळी, गवार किंवा घेवडा लावा. यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात. शेंगा संपल्या की वेल उपटू नका, विळ्याने जमिनीलगत कापा. मुळं आतच कुजू द्या, वरचा पाला वाफ्यावर पसरा. मग त्याच जागी मेथी टाका.